बटाट्याचं आळं

नेदरलंड्समध्ये हिवाळा आल्याचं नाकाला आधी कळतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी पाऊस आडवा पडायला लागतो. (इथला पाऊस वरून खाली येत नाही. तो समुद्राकडून जर्मनीकडे निघालेला असतो, वाटेत तुम्ही आलात तर तुम्हाला लागतो.) सायकल मारता मारता माणूस बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो, आणि गल्लीत वळल्या वळल्या उकडलेल्या पाल्याचा वास येतो. सगळ्या घरांतून एकच वास. घड्याळात सहा वाजलेले असतात. संध्याकाळचे सहा! आपल्याकडे या वेळेला चहाचे कप अजून विसळायचे असतात, आणि इथे आख्खा देश रात्रीचं जेवायला बसलेला असतो. सहा वाजता कुणाला फोन करायचा नाही, कुणाची बेल वाजवायची नाही. आग लागली असेल तर तीसुद्धा शक्यतो साडेसहापर्यंत रोखून धरायची.

या वेळी ताटात जे असतं त्याला स्टाम्पॉट म्हणतात.

कृती इतकी सोपी की तिला कृती म्हणायला जीभ रेटत नाही. बटाटे सोलायचे, फोडी करून पातेल्यात टाकायच्या, त्यावर चिरलेली भाजी, भाजीवर धुरावलेलं सॉसेज, मीठ, पाणी, झाकण. वीस-पंचवीस मिनिटांनी सॉसेज उचलून बाजूला ठेवायचं, पाणी ओतून द्यायचं, दूध आणि लोणी घालायचं आणि मग बटाटा कुठला आणि भाजी कुठली हे दोघांनाही आठवेनासं होईपर्यंत ठेचायचं. भाजी बूरेनकोल, म्हणजे केल, असेल तर रंग हिरवा. गाजर आणि कांदा असेल तर नारिंगी. त्याला हुट्सपॉट म्हणतात. आंबवलेला कोबी असेल तर पांढरा. तिन्ही शेजारी शेजारी वाढले की आपला झेंडा तयार होतो. हे मी इथल्या महाराष्ट्र मंडळात अजून कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर २६ जानेवारीला कुणीतरी करून आणेल आणि उभं राहून खावं लागेल.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःचं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि ‘मला याच नावाने हाक मारायची’ अशी ताकीद दिली. ऐंशी वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने? माझ्या जिभेला ते वळण नाही. ‘मिस्टर’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. म्हणून घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो आणि समोर काहीच म्हणत नाही. त्यांचं लक्ष वेधायचं असेल तर मी खाकरतो. इतकी वर्षं ते माझ्या घशाची चौकशी करत आहेत.

आबा स्टाम्पॉटचे नुसते खाणारे नव्हेत, ते स्टाम्पॉटचे वारकरी आहेत. गावाबाहेर नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेला त्यांचा एक तुकडा आहे. चार वाफे, एक लाकडी खोपटं आणि दोन खुर्च्या. तिथे ते बूरेनकोल लावतात. सप्टेंबरातच त्याची पानं कोंबड्याच्या तुऱ्यासारखी कुरळी होऊन उभी राहतात. पण ती तोडायची नाहीत. एक तरी रात्र कडाक्याचं दहिवर पडून पान गोठलं पाहिजे, मगच बूरेनकोल खायचा, हा आबांचा नेम. आपण आषाढी झाल्यावर वांगं सोडतो तशा निष्ठेने ते दहिवरापूर्वी बूरेनकोल वर्ज्य करतात. त्यामागे शास्त्र आहे हे मला मान्य. थंडी पडली की झाड स्वतःला गोठू न देण्यासाठी पिष्टाची साखर करतं आणि पानं गोडसर होतात. पण आता नव्या जाती आल्या आहेत, त्यांना गोड व्हायला दहिवर लागत नाही, आणि दुकानात तर सप्टेंबरपासून हा पाला बारीक चिरून, धुऊन, पिशवीत भरून तयार असतो.

एका वर्षी थंडी काही पडेना. नोव्हेंबर संपत आला तरी पारा तीन-चारच्या खाली उतरायला तयार नाही. आबा रोज सकाळी कुंपणापाशी येऊन आकाशाकडे मृग नक्षत्राच्या शेतकऱ्यासारखे बघायचे.

“फ्रीजरमध्ये ठेवला तर?” मी सुचवलं.

आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की क्षणभर वाटलं, माझा व्हिसा आता नूतनीकरणाला जाणार नाही.

“तोडलेलं पान साखर करत नाही,” ते म्हणाले. “मेलेला माणूस थंडीत स्वेटर घालतो का?”

त्या दिवशी मी बटाट्याकडे वळलो. तिथेही सुख नव्हतं. इथल्या दुकानात बटाटा हा नुसता बटाटा नसतो. पिशवीवर लिहिलेलं असतं की हा शिजून भुसभुशीत होणारा आहे की शिजूनही ताठ मानेने उभा राहणारा. स्टाम्पॉटला भुसभुशीत लागतो. ताठ जातीचा घेतलात तर हात दुखेपर्यंत ठेचा, तो गुठळ्या करून तुमच्याकडे बघत बसतो. आणि ठेचायचंही हातानेच. आयंधोव्हनला संगणक क्षेत्रात काम करणारा माझा एक मित्र आहे. ‘प्रोसेस सुधारणे’ हा त्याचा पेशाही आहे आणि स्वभावही. त्याने उकडलेले बटाटे पुण्याहून आणलेल्या मिक्सरमध्ये घालून फिरवले. बटाट्यातलं पिष्ट असं झपाट्याने फिरवलं की पेशी फुटून ते मोकळं होतं आणि चिकट लगदा बनतो. भांड्यात जे तयार झालं ते चमच्याला सोडेना, चमचा भांड्याला सोडेना. दिवाळी चार दिवसांवर होती. त्याच्या बायकोने काही न बोलता त्यातलं वाटीभर घेतलं आणि आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवल्या. कंदील जानेवारीपर्यंत त्या आडव्या पावसात टिकला. कागद गेला, झिरमिळ्या राहिल्या.

त्याच मोसमात माझी आई सांगलीहून आली. उन्हाळ्यात येण्याऐवजी ती ऑक्टोबरात आली, कारण तिकीट स्वस्त पडलं. का पडलं हे तिला विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच कळलं. आई आल्याचं कळल्याबरोबर आबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे त्यांनी खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारावर बोट ठेवलं.

“तीन आठवडे?” आई म्हणाली. “अरे, जेवायला बोलावतायत का मुलगी बघायला?”

आमंत्रणाबरोबर चौकशी आली: माणशी सॉसेज अर्धं की पूर्ण? इथे ही चौकशी गांभीर्याने होते. चार माणसं आणि दोन सॉसेजं असं गणित ठरलं की दोनच सॉसेजं घरात येतात. ‘कुणी अवचित आलं तर असू दे’ म्हणून तिसरं आणायची पद्धत नाही, कारण अवचित कुणी येतच नाही. त्याच्याकडेही डायरी असते.

आता आली का पंचाईत! रोकवोर्स्ट नावाचं हे सॉसेज असतं डुकराचं. आईला डुक्कर कुठल्याच वारी चालत नाही, पण यजमानांच्या तोंडावर असं कसं सांगायचं? म्हणून तिने वार पुढे केला.

“त्यांना सांग, माझा मंगळवार असतो.”

मी सांगितलं. आबा विचारात पडले.

“मंगळवारी डुकराला काय होतं?”

“डुकराला काही होत नाही. आई मंगळवारी मांस खात नाही.”

“मग बुधवारी खाते?”

इथे खोटं बोलायला वाव होता, पण मी उत्तर द्यायच्या आत आबांची डायरी पुन्हा बाहेर आली होती. पुढचा रिकामा बुधवार सहा आठवड्यांनी होता, आणि त्याच्या आधी आईचं परतीचं विमान. या देशात एखादी अडचण सभ्यपणे टाळता येत नाही, कारण समोरचा माणूस ती तत्परतेने सोडवतो. शेवटी आबांनी स्वतःच तोडगा काढला. इथे शाकाहारी रोकवोर्स्टही मिळतं. दिसायला तसंच, तसंच घोड्याच्या नालासारखं वळलेलं, फक्त आत डुक्कर नसतं.

“कुठे मिळतं ते?” आईने विचारलं.

“हेमामध्ये बघतो,” मी म्हटलं. हेमा ही इथली दुकानांची साखळी आहे. मोजे, वह्या, उशांचे अभ्रे आणि गरमागरम रोकवोर्स्ट एकाच छपराखाली विकते. तिच्या रोकवोर्स्टचा वास हा कित्येक डच माणसांच्या बालपणाचा वास असतो. पण हे सांगायच्या आत आईने पुढचा प्रश्न टाकला होता.

“ही हेमा कोण? मंडळातली का?”

“आई, ते दुकान आहे.”

“तिचंच का? चांगलं चाललंय मग. सॉसेज करते म्हणजे देशस्थ नसावी.”

मंगळवारी आम्ही सहाला पाच मिनिटं कमी असताना आबांच्या दारात उभे होतो. बेल वाजवली नाही. सहा वाजेपर्यंत पावसात थांबणं हे पाच मिनिटं आधी आत जाण्यापेक्षा सभ्यपणाचं असतं. आत गेल्यावर आबांनी थेट स्वयंपाकघरात नेलं. काम अर्धवट ठेवलं होतं, आईला बघता यावं म्हणून. मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती. आबांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून एक हत्यार काढलं, त्यांच्या आईच्या वेळचं. लाकडी मूठ, तिचा रंग हाताळून हाताळून उडालेला, आणि खाली जाड तारेची नागमोडी वळणं. ते त्यांनी दोन्ही हातांनी, कुलवृत्तांतातली तलवार दाखवावी तसं आईपुढे धरलं.

आईने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“हा तर पावभाजीचा मॅशर,” ती म्हणाली. “आपल्याकडे दोन आहेत. एकाची मूठ निघालीय.”

मी आबांना सांगितलं की आईला तुमचं अवजार फार आवडलं.

मग ठेचणं सुरू झालं. आबा ठेचताना बोलत नाहीत. खांदे वर-खाली होतात, चष्म्यावर वाफ धरते, आणि पातेल्यातून ओल्या चिखलात गमबूट घालून चालल्यासारखा आवाज येतो. पांढऱ्यात नारिंगी, नारिंगीत पांढरं, मग सगळं एकच. एक चमचा लोणी, थोडं दूध, पुन्हा ठेचणं. शेवटी त्यांनी फडताळातून एक इवलीशी किसणी काढली आणि जायफळ किसलं. दोनदा. खर्रर, खर्रर. झाला मसाला.

या जायफळाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डचांनी १६०२ मध्ये कंपनी काढली, जहाजं बांधली, अर्धी पृथ्वी ओलांडली. जायफळ फक्त आपल्याच हाती राहावं म्हणून १६२१ मध्ये बांदा बेटांवर त्यांनी जी कत्तल केली ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रन नावाचं जायफळाचं टीचभर बेट पदरात पडलं आणि मॅनहॅटनवर पाणी सोडलं. हो, तेच न्यूयॉर्कचं मॅनहॅटन. एवढं सगळं करून, चारशे वर्षांनी, मंगळवारी संध्याकाळी, बटाट्यावर दोनदा खर्रर. आपल्या वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मला नेहमी प्रश्न पडतो: त्या वखारीतला साहेब दुपारी खिडकीत बसून काय खात असेल? खिडकीतून तिरफळाचा, कोकमाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत असणार. शेजारी मालवणी रश्शाला तर्री आलेली असणार. आणि तो गडी तिथून एकही गोष्ट घरी न नेता परत गेला! मिरी नेली, वेलदोडे नेले, ते सगळे विकायला. बाजारात नेऊन विकायची वस्तू जेवणात घालणं ही त्यांच्या दृष्टीने भांडवलाची नासाडी असावी.

असो. आम्ही टेबलाशी बसलो.

स्टाम्पॉट वाढायचा एक विधी आहे. ताटात मध्यभागी डोंगर करायचा. पळीच्या पाठीने त्याच्या माथ्यावर दाबून खळगा करायचा, आणि त्यात तपकिरी, लोणकट, मांसाच्या अर्काचा रस ओतायचा. आईसाठी आबांनी तो कांद्याचा वेगळा केला होता. त्याबद्दल त्यांना शंभर गुन्हे माफ. आपण भाताला आळं करून आमटी घेतो ना, अगदी तसंच. आई हरखली. या देशात आल्यापासून तिला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं होतं.

पण ओळख तिथेच संपते. आपण आळं करतो ते मोडण्यासाठी. डच माणूस ते राखतो. कडेकडेने, बाहेरच्या बाजूने, काट्याने एकेक घास काढायचा, प्रत्येक घासाला मोहरीची चटणी टेकवायची आणि आतल्या तळ्याचा बांध शेवटपर्यंत फुटू द्यायचा नाही. ज्या देशाची जवळजवळ चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे तिथे लहानपणापासून हाच सराव. आबांचा बांध बघण्यासारखा होता. चहूबाजूंनी सारखी जाडी, कुठे भेग नाही, आत रस संथ. पाणीपुरवठा खात्यातला माणूस आनंदाने रडला असता.

आईने चमचा घेतला, आळ्याच्या मधोमध घातला आणि एका फटक्यात सगळं कालवलं.

टेबलावर शांतता पसरली. रस ताटाच्या चारी दिशांना धावला. शाकाहारी सॉसेज क्षणभर तरंगलं. आबांचा काटा हवेत राहिला. मग त्यांनी काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले,

“१५७४.”

“काय म्हणतायत?” आई.

मला सांगावं लागलं. आम्ही राहतो ते लायडन. १५७४ मध्ये स्पॅनिश फौजेने या शहराला वेढा घातला होता. आत खायला उंदीरही उरेनात. नगरप्रमुख व्हान डेर वेर्फ यांनी भुकेल्या लोकांना ‘माझा हात तोडून खा’ असं सांगितल्याची आख्यायिका आहे. (कुणी खाल्ला नाही. तेव्हाही माणशी अर्धाच आला असता.) शेवटी विल्यम ऑफ ऑरेंजच्या माणसांनी स्वतःचेच बांध फोडले, शेतांत पाणी घातलं आणि सपाट बुडाच्या होड्या त्या पाण्यावरून शहराकडे आणल्या. ३ ऑक्टोबरला स्पॅनिशांनी पळ काढला. मग, गोष्ट अशी सांगतात, कॉर्नेलिस योप्पेन्सझोन नावाचा एक अनाथ पोरगा त्यांच्या सोडून दिलेल्या छावणीत शिरला. तिथे चुलीवर एक पातेलं होतं आणि त्यात अजून गरम हुट्सपॉट. तेव्हापासून दर ३ ऑक्टोबरला लायडनला सुट्टी असते. सकाळी हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात, रात्री घरोघरी हुट्सपॉट.

“म्हणजे हे जेवण शत्रूचं,” आई म्हणाली.

मी तसंच्या तसं सांगितलं.

आबांना हे कुणी कधी बोललं नसावं. ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं ही संधी आहे. मीही माझी बऱ्याच दिवसांची शंका काढली. १५७४ मध्ये हुट्सपॉटमध्ये बटाटा नसणार. क्लूसियस नावाच्या ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाने बटाट्याचं वर्णन लिहिलं, तो लायडनला आला तोच मुळी १५९३ मध्ये. त्या पातेल्यात पार्सनिप नावाचा पांढरा कंद असणार, गाजर, कांदा, मांस.

“तर मग तुमच्या राष्ट्रीय पदार्थातलं राष्ट्रीय काय?” मी विचारलं.

“पातेलं,” आबा म्हणाले. “ते संग्रहालयात आहे.”

आणि खरंच आहे. डे लाकेनहाल संग्रहालयात काचेमागे तीन पायांचं पातेलं ठेवलेलं आहे, हे तेच, असं सांगतात. या उत्तरावर काय बोलणार? आपल्याकडेही अमक्या गडावरची तमकी तलवार दाखवली की वाद मिटतो. पण पातेलं दाखवून वाद मिटवणारा हा पहिलाच देश.

त्या रात्री आईने तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा पराभव पत्करला. घरी यजमानीणबाई नव्हत्या, आबा विधुर आहेत, तेव्हा शेवटचा आग्रह आपणच करावा असं तिला वाटलं. पातेल्यात घासभर उरलं होतं. आई पळी घेऊन उठली.

“घ्या हो, एवढंसं. शिल्लक कशाला ठेवायचं.”

“नाही, धन्यवाद.”

“अर्धा चमचा.”

“नाही, धन्यवाद.”

“माझ्यासाठी.”

“तुम्हाला हवंय?” आबांनी विचारलं आणि पळी घेऊन उरलेलं सगळं आईच्याच ताटात वाढलं. आग्रह करणाऱ्याला स्वतःलाच खावं लागणं! सांगलीत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आई मुकाट्याने खात होती आणि माझ्याकडे बघत होती. ‘कोण आजारी होतं रे यांच्याकडे?’ हा प्रश्न तिने घराबाहेर पडेपर्यंत रोखून धरला.

साडेसातला आम्ही घरी होतो. दहा वाजता स्वयंपाकघरात दिवा लागला. बायको आणि आई चिवड्याचा डबा मध्ये ठेवून बसल्या होत्या.

आता परतफेड आली. आईने पावभाजी करायचं ठरवलं. “त्यांच्याच मॅशरने करते,” ती म्हणाली, “म्हणजे त्यांना परकं वाटणार नाही.” मी आबांच्या डायरीत जाऊन एक शनिवार मिळवला, मॅशर उसना आणला. आबांनी तो मला फडक्यात गुंडाळून दिला.

आईने काय नाही केलं! फ्लॉवर, वाटाणा, सिमला मिरची, टोमॅटो शिजवून शिजवून लाल, आलं-लसूण, सांगलीहून आलेलं घरचं तिखट (आबांसाठी निम्मं), मसाला, लोणी, वर कोथिंबीर, कांदा, लिंबाची फोड. त्या मॅशरला त्याच्या जन्मात इतका वास लागला नसेल. आबा सहा वाजता आले. आई त्यांच्यासाठी सहाला जेवली; पोटात अजून दुपारचं जेवण होतं तरी.

आबांनी ताटाकडे पाहिलं, वास घेतला आणि चेहरा उजळला.

“टोमॅटोचा स्टाम्पॉट!”

मग त्यांनी चमच्याच्या पाठीने भाजीच्या मध्यभागी नीट, गोल खळगा केला आणि रसासाठी इकडेतिकडे बघू लागले. मी बायकोकडे बघितलं, बायकोने आईकडे. आई जागची उठली, कढल्यात लोणी विरघळवलं आणि तो खळगा काठोकाठ भरला. आबांनी कडेने सुरुवात केली. दुसऱ्या घासाला कान लाल झाले. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा काढून पुसलं. बांध मात्र शेवटपर्यंत फुटला नाही.

“लेकर,” ते म्हणाले, म्हणजे झकास. आणि थोडं थांबून, डच सरळपणाने, “पण तुमचं जेवण फार बोलतं.”

“म्हणजे?”

“आमचं जेवण गप्प बसतं. मग माणसांना बोलता येतं.”

खरं सांगायचं तर आबाही जेवताना फारसे बोलत नाहीत, पण ते जाऊ दे. जाताना त्यांनी कृती मागितली. आई सांगत होती, मी इंग्रजीत उलगडत होतो, आबा डायरीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहून घेत होते. ‘अंदाजाने’ या मापाला ते अडले. बाकी सगळं उतरवून घेतलं, सही केल्यासारखं शेवटी आईचं नाव लिहिलं.

आई सांगलीला परतल्यानंतर एका सकाळी आबा कुंपणापाशी भेटले. अखेर दहिवर पडलं होतं, त्यामुळे गडी खुशीत होता. मी खाकरलो. त्यांनी घशाची चौकशी केली आणि मग स्वतःहून सांगितलं की काल संध्याकाळी त्यांच्या मुलीकडचे सगळे आले होते आणि त्यांनी माझ्या आईची पावभाजी केली. सगळ्यांना फार आवडली. नातवंडांनी दोनदा घेतली.

त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. तिचा आवाज एकदम चढला.

“केली? त्यांनी स्वतः? तिखट सोसलं का पोरांना?”

“तिखट घातलं नाही म्हणे. पोरं लहान आहेत.”

“बरोबर आहे. मसाला?”

“मसाल्याने पोटाला त्रास होतो त्यांच्या जावयाला.”

“मग आलं-लसूण तरी?”

“दुसऱ्या दिवशी जावयाची ऑफिसात मीटिंग होती. लसूण नाही घातला.”

“टोमॅटो?”

“हिवाळ्यात टोमॅटो चांगले मिळत नाहीत, म्हणाले. त्याऐवजी बूरेनकोल घातला. दहिवर पडलेला.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

“अरे, मग माझं राहिलं काय त्यात?”

“लोणी. आणि जायफळ त्यांनी स्वतःचं घातलं, दोनदा. वर सॉसेज ठेवलं.”

“हेमाचं?”

“हेमाचं.”

“आणि सगळ्यांना सांगितलं, ही माझी पावभाजी म्हणून?”

“तुझं नाव घेऊन. सांगलीची पावभाजी म्हणाले. मुलीने कृती लिहून घेतलीय, ती आता तिच्या ऑफिसात करून नेणार आहे.”

“हे बघ,” आई म्हणाली, “आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना सांग, नाव घालायचंच असेल तर खाली हेमाचं घाला म्हणावं.”